सेंटीमीटर मोजलेत, आता जिना चढून दाखवा

पाय लांब करून देणाऱ्या जाहिरातीतला माणूस कायम उभा असतो. डावीकडे ऑपरेशनआधीचा, उजवीकडे नंतरचा, मागे भिंतीवर आखलेल्या रेघा. दोन्ही फोटोंत तो जागचा हलत नाही. जिना उतरताना दिसत नाही, सुटलेली बस गाठायला धावताना दिसत नाही, खाली पडलेली किल्ली उचलायला उकिडवा बसलेला तर मुळीच दिसत नाही. उंची किती वाढली ते कळतं, पायात जोर किती उरला ते कळत नाही. जो पाय आयुष्यभर अंगाचं ओझं वाहणार आहे, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न जोराचाच विचारायला हवा. तोच कुणी विचारत नाही.

शस्त्रक्रिया खोटी नाही, हे आधीच सांगतो. उंची वाढवणाऱ्या गोळ्या, पावडरी आणि लोंबकळायचे पट्टे खोटे आहेत. हाडाच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा वयात आल्यावर एकदा बंद झाली की कुठलीही गोळी ती उघडत नाही. शस्त्रक्रियेने मात्र हाड खरोखर वाढतं, आणि वाढलेलं हाड आपलंच असतं. म्हणूनच तिच्याबद्दल नीट, पुरतं बोललं पाहिजे. अर्धं बोलून गिऱ्हाईक जमवणाऱ्यांचा मला संताप येतो.

हे तंत्र श्रीमंतांच्या हौसेसाठी जन्मलेलं नाही. गाव्रिल इलिझारोव हे सोव्हिएत डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान प्रांतात, एका खेड्यात रुजू झाले. समोर युद्धातून परतलेली माणसं. कुणाचं हाड जुळलेलं नाही, कुणाची जखम वाहते आहे, कुणी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून आहे. इलिझारोवांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी कड्यांची चौकट बनवली. हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक ताणलेल्या तारा कड्यांना बांधलेल्या, कड्या सळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, सळ्यांवर नट. नट एका बाजूला फिरवला की कड्या जवळ येतात, दुसऱ्या बाजूला फिरवला की लांब जातात. हाड कापून त्याची टोकं हळूहळू दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड उगवतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

हळूहळू म्हणजे किती, याचं उत्तर त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून काढलं. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर फट मुदतीआधीच बुजते. दोन मिलिमीटर ताणलं तर हाड नीट धरत नाही आणि आजूबाजूच्या मांसाला, नसांना इजा होते. एक मिलिमीटर जमतं, पण तेही एका दमात नाही, चार हप्त्यांत पाव-पाव. आज हाडाच्या आत रॉड घालून, बाहेरून चुंबकाचं यंत्र लावून पाय लांब करतात, तरी वेग साधारण तोच ठेवावा लागतो. पैसा कितीही ओतला तरी शरीर घाई करत नाही.

आता हिशेब मांडा. पाच सेंटीमीटर हवेत. हाड कापल्यावर पहिला आठवडाभर काही ताणायचं नाही. मग पन्नास दिवस ताणायचं. मग नवं हाड भरून पक्कं व्हायची वाट पाहायची. सगळं धरून एका सेंटीमीटरमागे एक ते दीड महिना लागतो. म्हणजे पाच सेंटीमीटरला सहा-सात महिने, आणि ते सगळं विनाविघ्न पार पडलं तर. तारांच्या वाटेने जंतुसंसर्ग झाला, हाडाने धरायला उशीर केला, तर वर्ष सरतं.

सरकारी रुग्णालयांच्या हाडांच्या वॉर्डात ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. आपल्याकडे लोक याला ‘रिंग बसवली’ म्हणतात. पोराच्या नडगीभोवती कड्या, शेजारी स्टुलावर आई, हातात पाना. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. ठरवून दिलेला नट, ठरवून दिलेला पाव फेरा. ती बाई कधी वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढलेली नसते, पण एकही फेरा चुकवत नाही.

हाड ही या गोष्टीतली मजबूत बाजू आहे. ते आधी कच्चं असतं, मग भरतं, पुढे वर्ष-दीड वर्षात असं घट्ट होतं की एक्स-रेत जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे शोधावं लागतं. कमकुवत बाजू आहे मांसाची. हाड वाढलं म्हणून स्नायू, नसा, शिरा, कातडी, कूर्चा आपोआप वाढत नाहीत. झपाट्याने उंच झालेल्या पोराच्या अंगावर गेल्या वर्षीचा गणवेश, तसे ते सुरुवातीला आखूड पडतात. स्नायू लांब होतो तो तंतूंच्या टोकांना नवे आकुंचन पावणारे तुकडे जोडून, आणि ते काम हाडापेक्षा मंद चालतं. रोज ताण दिला, रोज हलवलं तरच चालतं. नाहीतर स्नायू लांबण्याऐवजी आखडतो आणि त्यात तंतुमय, चिवट ऊती भरते.

नडगी लांब केली की आखडते ती पोटरी आणि टाचेची शिर. टाच जमिनीला टेकेनाशी होते, माणूस चवड्यावर चालू लागतो. मांडीचं हाड लांब केलं की गुडघा वाकेना, खुब्यापुढचे स्नायू ताठ, कंबर पुढे ओढलेली. नस ताणली गेली तर आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि वेळीच वेग कमी केला नाही तर पाऊल उचलता न येण्यापर्यंत मजल जाते. साधारण छत्तीस सेंटीमीटरच्या नडगीत पाच सेंटीमीटर घातले तर तिची लांबी १४ टक्के वाढली. वीस टक्क्यांकडे गेलात की धोका झपाट्याने वाढतो. तरीही जाहिरातीत मांडी आणि नडगी मिळून दहा-बारा-चौदा सेंटीमीटरची स्वप्नं विकली जातात.

मग ताकद परत येते का? येते, पुष्कळशी येते. मर्यादेत राहून, चांगल्या हातांनी आणि न चुकवलेल्या व्यायामाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक माणसं नीट चालतात, पोहतात, सायकल चालवतात, कामाला जातात. बरेच जण धावतातही. पण पळायला सुरुवात करतानाचा झटका, उडीची उसळी, वेगात दिशा बदलण्याची चपळाई ही स्फोटक ताकद असते. ती सगळ्यात उशिरा येते आणि पूर्वीइतकी येईलच असं कुठलाही प्रामाणिक शल्यविशारद लिहून देत नाही. शिवाय मांडी लांब झाली म्हणजे तरफ लांब झाली. तेवढ्याच वजनाची बैठक मारायला स्नायूंना आता जास्त जोर लागणार. नुसती मांडी लांब केली आणि नडगी तशीच ठेवली, तर बैठकीत धड आणखी पुढे झुकणार. तालमीतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मला वाटतं ताकदीची आपली मोजणी आपल्या जगण्यातून यायला हवी. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करता आला की परदेशी माणसाचं भागत असेल. आपलं जगणं जमिनीवरचं आहे. खुरपणीला उकिडवं बसून वाफ्यातून सरकत जावं लागतं. खेड्यात आणि चाळीत शौचाला उकिडवं बसावं लागतं. पंगतीला मांडी घालावी लागते, नमाजाला गुडघे मुडपावे लागतात, सूर्यनमस्काराला टाच आणि खुबा दोन्ही मोकळे लागतात. उकिडवं बसण्यासाठी घोटा पुरता दुमडला पाहिजे, गुडघा शेवटपर्यंत वाकला पाहिजे, टाच टेकलेली राहिली पाहिजे. नडगी लांबवताना नेमकं हेच पहिल्यांदा जातं. म्हणून ऑपरेशननंतर टाचा टेकून उकिडवं बसता येतं का आणि हाताचा टेका न घेता उठता येतं का, हे पाहिल्याशिवाय ‘पेशंट बरा झाला’ असं कुणी म्हणू नये.

व्हॅलेरी ब्रुमेल हे नाव इथे घ्यायलाच हवं. रोम १९६०चं रौप्य, टोकियो १९६४चं सुवर्ण, आणि १९६३मध्ये २.२८ मीटर उंच उडीचा विश्वविक्रम असलेला सोव्हिएत खेळाडू. १९६५मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुरा झाला. ऑपरेशनं झाली, एकामागून एक, उपयोग झाला नाही. १९६८मध्ये तो कुर्गानला इलिझारोवांकडे पोचला. हाड जुळलं, पाय सावरला, आणि ब्रुमेलने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. पाय वाचेल की नाही अशी शंका असलेल्या माणसाने! इलिझारोवांचं नाव पसरलं त्यात या उडीचा मोठा हात आहे. पण ही गोष्ट पुढेही वाचा. ब्रुमेल आपल्या २.२८ मीटरच्या जवळपासही पुन्हा गेला नाही. वीसेक सेंटीमीटरचं अंतर राहिलं. जगातला सर्वोत्तम उडीपटू, साक्षात इलिझारोवांचे हात, खेळाडूची शिस्त, आणि तरीही! ही हार आहे असं मी म्हणत नाही. मोडलेल्या पायाला दोन मीटर हे माझ्या दृष्टीने विश्वविक्रमाइतकंच मोठं आहे. ज्याचा पाय धडधाकट आहे आणि जो केवळ उंचीसाठी तो कापून घ्यायला निघाला आहे, त्याने मात्र हे वीस सेंटीमीटर विसरू नयेत.

कुर्गानमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इलिझारोव पेशंटला पडून राहू देत नसत. चौकट बसवली की काही दिवसांत उभं करायचं, चालवायचं, पायावर भार टाकायचा. भाराशिवाय हाड पक्कं होत नाही आणि हालचालीशिवाय स्नायू जगत नाही, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. कड्यांची चौकट दिसायला भयंकर, पण तिच्यावर माणूस चालू शकतो. आज श्रीमंतांची पसंती असलेले आतले चुंबकी रॉड दिसत नाहीत, तारांच्या जखमा होत नाहीत, त्रास पुष्कळ कमी. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध रॉड अमेरिकेत २०११मध्ये मंजूर झाला. पण त्यावर पूर्ण भार टाकता येत नाही, हाड भरेपर्यंत कुबड्या, वॉकर नाहीतर चाकांची खुर्ची. पूर्ण भार झेलणारा पोलादी रॉड पुढे आला, लोकांनी उचलून धरला, आणि २०२१मध्ये कंपनीला तो बाजारातून मागे घ्यावा लागला. रॉड गंजत असल्याच्या आणि त्याच्या आसपासच्या हाडात बदल होत असल्याच्या तक्रारी होत्या. तोवर तो अनेकांच्या मांडीत बसलेला होता. नव्या वस्तूपायी पहिल्याच वर्षी आपला पाय पणाला लावू नये, एवढा धडा तरी घ्या.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हा परिच्छेद. पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची लागते आणि ‘हाईटमध्ये बसत नाही’ हे दुःख मी समजू शकतो. पहाटे चारला उठून दोन-दोन वर्षं अॅकॅडमीत घाम गाळायचा आणि दोन सेंटीमीटरसाठी घरी परतायचं, हे क्रूर आहे. पण टेपच्या पुढे ग्राउंड आहे. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मिळून ५० गुण. यातलं एकही काम उभं राहून होत नाही. सोळाशे मीटरला दम लागतो, शंभर मीटरला तीच स्फोटक ताकद लागते जी सगळ्यात शेवटी परत येते, आणि गोळाफेकीचा जोर हातातून नाही, पायातून निघतो. टेपवर मिळवलेले दोन सेंटीमीटर ग्राउंडवर गमवाल. जमीन विकून हे ऑपरेशन करू नका. ऑपरेशनात आणि त्यातून सावरण्यात जाणाऱ्या वेळात ज्या नोकरीला उंची लागत नाही अशा दहा परीक्षा देता येतील.

आणि लग्न जमवणाऱ्यांनो, तुम्हालाही. मुलगा शिकलेला, कमावता, निर्व्यसनी, आणि तुम्ही पत्रिकेआधी उंची विचारता. पाच फूट चार इंच ऐकून फोन ठेवता. उंचीवरून चिडवलेल्या मुलाचं दुःख खोटं नसतं, शाळेपासून साचलेलं असतं, आणि त्यावर शेवटची वीट आपण ठेवतो. २०१६मध्ये हैदराबादेत एका तरुणाने घरच्यांना न सांगता दोन्ही पायांवर ही शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांना नंतर कळलं, ते हादरून गेले, देशभर चर्चा झाली आणि तेलंगणाच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरला निलंबित केलं. चीनने तर २००६मध्येच निव्वळ सौंदर्यासाठी पाय लांब करण्यावर बंदी घातली, कारण नोकरीतल्या उंचीच्या अटींपायी तरुण पोरं वाटेल त्या दवाखान्यात जाऊन पाय खराब करून घेत होती. बंदी मला पटत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या देहाचा निर्णय स्वतः घ्यावा. पण निर्णय घ्यायचा तर पुरती माहिती हवी, आणि ती माहिती डॉक्टरनेच पेशंटच्या भाषेत, घाई न करता द्यायला हवी. नुसता सहीचा कागद पुढे सरकवणं म्हणजे माहिती देणं नाही.

ज्यांना ही शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे ते वेगळेच आहेत. जन्मतः एक पाय आखूड असलेली मुलगी. पोलिओने पाय मागे राहिलेला, आता पन्नाशीत आलेला माणूस. दुचाकीच्या अपघातात नडगीचा तुकडाच गेलेला पोरगा. हाडात वर्षानुवर्षं पू झालेला शेतकरी. यांच्यासाठी पाय लांब होणं म्हणजेच ताकद वाढणं. आखूड पायाने चालताना कंबर आणि खुबा रोज झिजत असतात, दोन्ही पाय बरोबर झाले की ती झीज कमी होते. महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव तंत्राचं केंद्र उभं केलं आणि मुंबई-पुण्याबाहेरही हे अवघड काम चांगलं होऊ शकतं हे दाखवलं. शल्यकौशल्य आपल्याकडे आहे. तुटवडा आहे तो पुढच्या सहा महिन्यांचा.

ऑपरेशन दोन-तीन तासांत संपतं. ताकद परत मिळवायला रोज दोन-दोन तास फिजिओथेरपी लागते, आठवड्यातून पाच-सहा दिवस, महिनोन्‌महिने. ती कुठे मिळते? जिल्ह्याच्या गावी. एसटीने जायचं, रिंग लावलेला पाय घेऊन, सोबत घरच्या एकाने मजुरी बुडवून. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी जमत नाही. पोटरी आखडते, टाच उचलली जाते, आणि उत्तम झालेलं ऑपरेशन लंगड्या चालीवर येऊन थांबतं. मग दोष पेशंटच्या माथी, ‘व्यायाम केला नाही’. तो कुठे करणार होता? शासनाला माझं म्हणणं साधं आहे. आरोग्य योजनेत पाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च धराल तेव्हा पुढच्या सहा महिन्यांची फिजिओथेरपी आणि प्रवासभाडं त्यातच धरा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट नेमा. ते होत नाही तोवर घरातल्या एका माणसाला घोटा, गुडघा, खुबा कसा ताणायचा हे डिस्चार्जआधी हाताला धरून शिकवा. पाना फिरवायला शिकलेली आई हेही शिकेल.

पेशंटलाही एक सांगणं. बिडी-सिगारेट बंद. कमी केली म्हणू नका, बंद. धूम्रपानाने हाड भरायला उशीर होतो, हे हाडांचा प्रत्येक डॉक्टर सांगतो. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा मळलेली चिमूटही नको. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनाने गोळ्या आणून खाऊ नका, काही वेदनाशामकं हाड भरण्यात अडथळा आणू शकतात. अंडी, डाळ, दूध, ऊन यांत कसूर नको. आणि रॉड किंवा रिंग काढल्यावर लगेच धावायला जाऊ नका. स्क्रूच्या आणि तारांच्या भोकांशी हाड काही आठवडे नाजूक असतं आणि तिथेच ते पुन्हा मोडतं.

उंचीसाठी पाय कापून घ्यायचं ज्याने ठरवलंच आहे त्याला मी अडवू शकत नाही. सही करण्याआधी त्याने डॉक्टरांकडे एकच मागणी करावी. दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेला तुमचा पेशंट मला भेटवा. फोटो नको, व्हिडिओ नको, माणूस समोर हवा. त्याला माझ्यासमोर तीन मजले चढू दे आणि कठड्याला हात न लावता उतरू दे. टाचा टेकून उकिडवा बसू दे आणि तसाच उठू दे. शंभर पावलं पळू दे. हे सगळं तो करू शकला तर पुढचं बोला. असा एकही पेशंट तुमच्या डॉक्टरकडे नसेल, तर कागद टेबलावर ठेवा आणि आहे त्या पायांनी चालत घरी या.